मागची डावी जागा

मामा, गेले दहा दिवस लोक मला चांगली सून म्हणताहेत. भेटायला आलेल्या बायका दारातून आत येतात, तुमच्या फोटोला हात जोडतात आणि सतरंजीवर टेकतात. मग तुमची लेक, आमच्या मुरगूडच्या वन्सं, त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच तीच गोष्ट सांगायला घेतात. "आबांच्यापायी हिनं कोकणातली ट्रिप रद्द केली बगा. खोल्या बुक झालत्या, रजा मिळालती. पण आजारी सासऱ्याला टाकून जायाला हिचा जीव झाला न्हाय." मग सगळ्या माझ्याकडं बघतात. परवा आपल्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आजकाल पोटच्या पोरी करत न्हाईत एवढं." मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

तुम्ही असता तर कॉटवरनं ओरडला असता, "म्हणूंदेत की, फुकटचं हाय!" पण ते फुकटचं नाही, मामा. दर वेळी गप्प बसताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून आज तुमच्याच कॉटवर बसून हे लिहितेय. शाळेत पोरांना निबंध लिहायला लावते, तेव्हा सांगते, आधी मुद्दा लिहा आणि मग फुलवा. माझा मुद्दा एका ओळीचा आहे. मला तुमच्यापुढं स्वतःची लाज वाटते.

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासऱ्यांना मामा म्हणायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या माहेरीही तीच रीत. पण मामा म्हटलं की जी दबून राहायची सवय असते, ती तुम्ही पहिल्याच महिन्यात मोडून टाकलीत. मी डोक्यावर पदर घेऊन चहा आणला, तर म्हणालात, "पोरी, पदरात कप बुडाय लागलाय. आदी कप सांभाळ, मग सासरा." सगळी हसली. आत्या, म्हणजे तुमची बायको, तेवढ्या हसल्या नाहीत. पण पदर त्या दिवशी खांद्यावर आला तो आला.

गाडीही तुम्हीच शिकवलीत. कारखान्याच्या शेतकी खात्यात तुम्ही जन्मभर स्लिपबॉय होता. कुणाचा ऊस कुठल्या दिवशी तुटणार, त्याची चिठ्ठी तुमच्या हातून शेतकऱ्याला जायची. केस पांढरे झाले तरी पदाचं नाव बॉयच राहिलं, याची तुम्हाला फार मजा वाटायची. खात्याची जीप चालवून हात बसलेला होता. हंगाम संपला की उसाच्या गाड्या थांबायचं मैदान मोकळं पडायचं, तिथं मला आपल्या गाडीत घालून न्यायचात. "क्लच हळू सोड. म्हशीची धार काढताना कशी ओढतीस, तशी." मी म्हटलं, मामा, मी म्हैस कधी धरलेली नाही. तुम्ही म्हणालात, "मग आदी म्हैस शिकाय पायजे हुतीस." तुमचा लेक संदीप त्या मैदानात दोनदा शिकायला आला आणि दोन्ही वेळा कुंपणात गेला. त्यानंतर घरातली गाडी मी चालवायची हे ठरूनच गेलं. कसबा बावड्यात तेव्हा बायका गाडी चालवत नव्हत्या असं नाही, पण सासऱ्यानं शिकवलेली मी एकटीच असेन.

आता कोकणचं.

दिवाळीनंतर तुमचा दम वाढला. डॉक्टरांनी संदीपला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, फार लांबचे बेत करू नका. म्हणून आम्ही जवळचा बेत केला. आमची शर्वरी नववीत. पुढच्या वर्षी तिची दहावी, म्हणजे घराला कुलूप लावून कुठं जायचं नाव नाही. मुलांनी समुद्र पाहिलाय, पण तो असा धावतपळत, लग्नाला गेलो तेव्हा. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा रस्ता, देवगडपासून मालवणपर्यंत, एकदा निवांत करायचा असं माझ्या मनात कधीचं होतं. तीन दिवस, शुक्रवार ते रविवार.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात प्रवासासाठी शेंगदाण्याची चटणी वाटत होते. संदीप दारात उभा राहून म्हणत होता, की उन्हाळ्यात जाऊ, आत्ता घाई कशाला. मिक्सर चालू होता, बाहेर तुमचा टीव्ही चालू होता. आपल्या घरात कुणाला हळू बोलता येत नाहीच, त्यात मिक्सर. मी ओरडून सांगत होते, "अरे, मामांचं काही झालं तर वर्ष पाळावं लागणार! मग दहावी! दोन वर्षं हलता यायचं नाही आपल्याला!" आणि नेमकी लाईट गेली. मिक्सर थांबला, टीव्ही थांबला, पंखा थांबला. माझं तोंड तेवढं थांबलं नाही. त्या शांततेत मी वरच्या पट्टीत म्हणाले, "त्यांचं काय बरंवाईट व्हायच्या आत जाऊन येऊया की!"

भिंतीपलीकडं तुमची कॉट. पाच हातांवर.

थोड्या वेळानं तुमचा आवाज आला, "लाईट गेली वाटतं." एवढंच. संदीप म्हणाला, "झोपलेलं ते, आत्ता जागं झाल्यात, ऐकलं नसंल." मीही तेच धरून बसले. जो टीव्ही बघत होता तो माणूस झोपला कसा असेल, हा प्रश्न पडायला मास्तरीण असायची गरज नव्हती. पण सोयीचं असेल तर माणूस काहीही मानतं.

संध्याकाळी तुम्ही मला हाक मारलीत. "कोकणात जाताय म्हणं? कागद आण." कागद म्हणजे तुमच्या ट्रंकेतलं जुन्या कोऱ्या स्लिपांचं पॅड. निवृत्त होताना आणलेलं, घरातली सगळी कामं तुम्ही त्याच्यावरच मांडायचात, शर्वरीचं बारसंसुद्धा. दम लागत होता, तरी उशीला टेकून बसलात आणि मला समोर बसवून ट्रिपची स्लिप लिहायला घेतलीत. पाचला घर सोडायचं. "पाच म्हंजे पाच, सव्वापाच न्हाय." साडेसहाला गगनबावडा. करूळ घाट चालू हाय का आदल्या दिवशी इचारायचं, न्हाईतर भुईबावडा. तळेऱ्याला चहा. शुक्रवारी दुपारी देवगडात मासे. शनिवारी मारुतीचा वार, म्हणून तो दिवस कुणकेश्वराला, म्हणजे तोंडाला पाणी सुटायचा सवालच न्हाय. रविवारी मालवणात पुन्हा मासे, पोटभर. परत येताना आंबोली, आजरा. सोमवार लागायच्या आत घरात. वार आणि मासे यांचा एवढा मेळ घातलेली ट्रिप दुसऱ्या कुणी आखली नसेल. मी हसत होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हसू नको. पोरांस्नी मी कधी कुठं नेलं न्हाय. दिवाळीच्या सुट्टीला हंगाम सुरू, मेपर्यंत चिठ्ठ्या. संदीपनं समुद्र बघितला तो लगीन झाल्यावर, तुझ्यासंगं. तवा ही एक तरी नीट हूंदे."

मग बसायच्या जागा. "घाटात वैशालीच चालवंल. संदीप न्हाय." याच्याखाली तुम्ही रेघ मारलीत. शेजारी संदीप. मागं उजवीकडं शर्वरी, मधे धाकटा ओम, कारण त्याला खिडकीतनं पळती झाडं दिसली की उलटी होते. आणि मग तुम्ही पेन वर धरलंत आणि माझ्याकडं बघितलंत.

"मागं डावीकडं काय लिव्हू?"

मामा, तुम्ही असं का विचारलंत हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नाही असं म्हणून सुटता येणार नाही. एका क्षणात माझ्या डोक्यात सगळं येऊन गेलं. घाटात तुमचा दम, दर तासाला थांबायला लागणं, औषधांचा डबा, तुमची तंबाखू, पोरांची कुरकुर. मी म्हणाले, "बॅगा ठेवू की मामा तिथं."

तुम्ही लिहिलंत, बॅगा.

गाडीची डिकी केवढी आहे हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. दर रविवारी ती गाडी तुम्हीच धूत होता, डिकीतली चटई काढून झटकत होता. चौघांच्या तीन दिवसांच्या बॅगा तिच्यात टाकून वर एक पोतं तांदूळ बसेल. तुम्ही स्लिप फाडून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हरवू नको. दुसरी मिळायची न्हाय." तुम्ही शेतकऱ्यांनाही हेच सांगायचात, मला माहीत आहे.

तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत की विचारायचं असतं. आपण जेवत असताना दारावरून अनोळखी पावणं गेलं तरी तुम्ही आतून हाक मारायचात, "या जेवाय!" ते कधी येत नसत. एकदा ओमनं विचारलं, की येत नाहीत तर बोलवता कशाला? तुम्ही म्हणालात, "येत न्हाईत ते त्येंचं. इचारायचं आपलं." वाटसरूला या म्हणणाऱ्या माणसाला मी, चला, एवढंही म्हणाले नाही. खोटं खोटंसुद्धा नाही. डॉक्टरांना विचारून बघू, असंही नाही. कदाचित तुम्हीच म्हणाला असता, "खुळी का काय, ह्या छातीला घाट झेपतोय व्हय?" तेवढं म्हणायची संधी तुम्हाला हवी होती, असं मला आता वाटतं. ती द्यायला मला काय जड जात होतं?

त्यानंतरचे दिवस मात्र तुम्ही आम्हाला चकित केलंत. गोळ्या चुकवणारा माणूस वेळेवर गोळ्या मागून घ्यायला लागला. बिनमिठाचं जेवण शिव्या न देता खायला लागलात. तंबाखू सोडलीत, ती तर आत्या गेल्या तेव्हाही सुटली नव्हती. सकाळी काठी घेऊन दारापर्यंत चालायचात. संदीप खूश, म्हणाला, आबा सुधारले. आम्ही नसताना सोबतीला म्हणून वन्सं मुरगूडहून यायच्या होत्या. गुरुवारी दुपारी मी बॅगा भरत होते, तेव्हा तुम्ही काठी टेकत आत आलात, पलंगाच्या कडेवर बसलात आणि आवाज खाली आणून, तुमच्या आवाजाला जमेल तेवढा खाली आणून म्हणालात, "वैशाली, बिनघोर जावा. रविवारपतूर मी कुठं जात न्हाय."

त्यात टोमणा नव्हता. तोच तर त्रास आहे. टोमणा मारला असतात तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. तुम्ही मला खरोखर धीर देत होता. माझं ते वाक्य तुम्ही ऐकलं होतंत, आणि रागावण्याऐवजी ते मनावर घेऊन, आमची ट्रिप होईपर्यंत जगायच्या कामाला लागला होतात. गोळ्या, बिनमिठाचं, चालणं, सगळं त्यासाठी.

मी काय म्हणाले? "चहा ठेवू का मामा?"

चहा आणला तो एक खोटं बोलायच्या तयारीनं. म्हणाले, शाळेतून फोन आला होता, स्नेहसंमेलन शुक्रवारवर आलंय, रजा रद्द झाली. ट्रिप होत नाही. माझ्या मूर्ख डोक्यात हिशोब असा की, गेलेच नाही तर ते वाक्य मी बोललेच नव्हते असं होईल. तुम्ही बशीत चहा ओतता ओतता थांबलात. "व्हय? शाळा लई कडक झाल्या की." आणि चहा प्यायलात.

वन्संना येऊ नका म्हणून फोन केला. शुक्रवारी मी पहाटे साडेचारला उठले ते स्नेहसंमेलनाला लवकर जायचं नाटक करायला. बघते तर तुम्ही स्वच्छ सदरा, टोपी घालून कॉटवर बसलेले. पाच वाजता तुम्ही घड्याळाकडं बघितलंत. मी शाळेत गेले, तर मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, अहो, तुम्ही रजेवर ना? घरी आल्यावर कळलं की तुम्ही दिवसभर ट्रिपच करत होता. "आत्ता तळेऱ्यात चहा झाला असता." "आत्ता देवगड. बाजारात सुरमई बगाय गेली असती वैशाली, भाव करत बसली असती." त्या दिवशी शाळेला दांडी मारून शर्वरी तुमच्याजवळ बसली होती. मोबाईलवर नकाशा काढून ती तुम्हाला रस्ता दाखवत होती आणि तुम्ही तिला पुढचं वळण सांगत होता. शनिवारी तुम्ही कुणकेश्वराला हात जोडलेत, बसल्या जागेवरून. रविवारी संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "आंबोलीत धुकं असंल. वैशाली दिवा लावंल गाडीचा, तिला सांगाय लागत न्हाय." ते दोन्ही दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मला वाटत होतं, म्हातारा मला डिवचतोय. शर्वरी परवा रडत म्हणाली, "आई, आजोबांना किती मज्जा येत होती." मामा, डिवचत होता की मजा करत होता? शर्वरीला विचारलं तर ती म्हणते मजा. मला ते ऐकून हायसं वाटायला हवं. वाटत नाही.

सोमवारी तुम्ही विषय काढलात. "गेला असता तर बरं झालं असतं."

"मामा, रजाच मिळाली नाही."

"मी रजेचं कुठं म्हणतोय?"

कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. आपलं भांडण तिथंच राहिलं. नऊ दिवसांनी, बुधवारी सकाळी, चहा अर्धा ठेवून तुम्ही गेलात. मी कप विसळला, तेव्हाही ते भांडण संपवायचं राहिलंय हेच डोक्यात होतं.

मधल्या काळात माझी रजा मंजूर झाल्याचा मेसेज संदीपच्या हाती लागला. त्याला तो वेगळाच कळला. बायको आपल्या बापासाठी थांबली आणि बोलली नाही, म्हणून त्याचे डोळे भरले. मिक्सरजवळचं माझं वाक्य त्याला आठवतसुद्धा नव्हतं. त्यानं वन्संना सांगितलं आणि वन्संनी गावाला.

रक्षाविसर्जनाला निवद ठेवला. भात, वडे, तुमचं भडंग, एका कपात चहा. झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. एकेक जण पुढं होऊन तुम्हाला शब्द देत होतं. संदीप म्हणाला, आबा, पोरांची काळजी करू नका. वन्सं म्हणाल्या, मी आन संदीप कधी येगळं पडणार न्हाय. कावळे तिथंच. मग वन्संनी मला पुढं ढकललं. "वैशाली, तू बोल. तुझ्यासाठी थांबल्यात. तू त्येंच्यासाठी कोकण सोडलंस." सगळी भावकी माझ्याकडं बघत होती, आणि मला नेमकं माहीत होतं काय बोलायचं ते. तोंडात आलंही होतं. ते बोलले असते तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "मामा, शर्वरीचा अभ्यास मी नीट घेईन."

कावळा आला नाही. ऊन डोक्यावर आलं, तसा निवद गाईला घातला. कावळ्याचं शिवणं खरं की खोटं हे मला माहीत नाही, वर्गात पोरांना मी वेगळंच सांगते. पण मी घाबरले होते, ते कावळा येणार नाही म्हणून नाही, तर माझ्या बोलण्यावर तो येईल आणि माझं खोटं पचेल म्हणून.

उद्या तुमचं उत्तरकार्य. पुन्हा भावकी जमेल, पुन्हा निवद ठेवतील, या वेळी गच्चीवर. आज दुपारी मी संदीपला सगळं सांगितलं. लाईट गेली तेव्हाचं, बॅगांचं, शाळेचं. तो स्लिप वाचून म्हणाला, "उद्या सगळ्यांच्यात हे कशाला? चांगलं म्हणत्यात तर म्हणूंदेत की." अगदी तुमच्या आवाजात. मी म्हटलं, तुझ्या वडलांबद्दल मी बोलले ते सगळ्या घराला ऐकू गेलं होतं. आता हे हळू सांगून चालणार नाही.

वन्सं रागावतील. कदाचित वर्षभर बोलणार नाहीत, त्यांना हक्क आहे. त्या काकू पाठीवरून फिरवलेला हात मनात परत घेतील. घेऊ देत. वन्संना सगळ्यांसमोर सांगेन की मी तुमच्यासाठी थांबले नव्हते, तुम्ही आमच्यासाठी थांबला होता. मग निवदाकडं तोंड करून, तुम्ही पेन वर धरून वाट बघत होता तेव्हा जे म्हणायचं राहिलं, ते मिक्सरवर ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं म्हणेन. कावळा शिवो न शिवो.

मामा, तुम्ही पण चला की. पाचला निघायचंय. बॅगा मी डिकीत टाकते.